उन्हात उभे पाय

मादी घरट्यावरून एकदम उठत नाही. आधी मागची बाजू वर येते, मग पोट, आणि दोन्ही पाय सरळ होईपर्यंत ती अंड्यांवर ओणवी राहते. पूर्ण उभी राहिली की अंडी तिच्या पोटापासून वीतभर खाली जातात. चार अंडी आहेत. मातकट रंगाची, वर काळे ठिपके आणि फराटे, चारही निमुळती टोकं आत वळवलेली. तिपाईवरची मोठी दुर्बीण जराशी हलली तरी ती चिखलात दिसेनाशी होतात. मग मी आधी तिचे गुलाबी पाय शोधतो आणि त्यांच्या आधाराने नजर खाली आणतो.

उजवीकडच्या अंड्याला तडा गेलाय. रुंद बाजूवर बारीक भेगा पडल्यात आणि मधला कवचाचा तुकडा किंचित वर उचलला गेलाय. आतलं पिल्लू कामाला लागलंय.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेनऊ. उजनी जलाशयाच्या भिगवणकडच्या काठावर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या आड मी बसलोय. डोक्यावर ताडपत्री बांधलीय. होडी ज्यांची, ते मामा शेजारी बसून जाळं सांधतायत. होडी बरेच दिवस इथेच पडून असल्यामुळे पक्ष्यांना तिचं काही वाटत नाही. तिच्या आडून हललो नाही, तर आमचंही वाटत नाही. घरटं साठ-सत्तर पावलांवर, गाळाच्या एका उंचवट्यावर आहे. अंडी घातली तेव्हा या उंचवट्याभोवती पाणी होतं, असं मामा सांगतात. आता पाणी तीस-चाळीस पावलं मागे गेलंय.

हे मागे जाणंच इथल्या उन्हाळ्याचं वेळापत्रक ठरवतं. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, भीमा तुंबली आणि काठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. दर उन्हाळ्यात पाणी ओसरतं तसे जुने बांध, विहिरींची कडी, घरांचे चौथरे वर येतात. फारच ओसरलं तर पळसदेवचं जुनं देऊळही उघडं पडतं. मोकळ्या झालेल्या गाळावर माणसं गाळपेर करतात. पाणी परत येण्याआधी पीक हाती लागलं पाहिजे, एवढाच हिशेब. त्याच्याही पुढे, जिथे पाय ठेवला तर घोटाभर रुततो अशा पट्टीवर समोरचा हा लांब पायांचा पक्षी, शेकाट्या, अंडी घालतो. त्याचाही हिशेब तोच.

नर आलाय. पाठ आणि पंख काळे कुळकुळीत, उन्हात हिरवट झाक मारणारे. मादीची पाठ तपकिरीकडे झुकलेली. बाकी दोघंही पांढरीशुभ्र, चोच काळी, सरळ आणि सुईएवढी बारीक. मादी घरट्यापासून दोन पावलं चालते, थांबते, चिखलातला एक शिंपला उचलते आणि मान न वळवता बाजूने मागे फेकते. पुढच्या पावलावर काटकी, मग वाळल्या जलपर्णीचं मूळ. फेकलेलं सगळंच घरट्यावर पडत नाही, पण दिशा तीच असते. नर बसायला जाताना तेच करतो. दिवसभरात असे कितीतरी शिंपले इकडून तिकडे होतात आणि घरट्याची कड बोटाबोटाने वर चढत राहते. पाणी वाढलं तर हे पक्षी याच सवयीने घरटं घाईघाईने उंच करतात.

आता नराचं बसणं पाहण्यासारखं आहे. एवढे लांब पाय घेऊन जमिनीलगत बसायचं कसं? तो अंड्यांवर येतो, चोचीने एक अंडं जरा सरकवतो, पोटाची पिसं फुगवतो आणि खाली झुकू लागतो. पाय मधोमध मागच्या बाजूला मुडपतात. मुडपलेला सांधा शेपटीखालून मागे सरकतो आणि चिखलाला टेकतो. घडीच्या खाटेचे पाय दुमडावेत तसे ते दुमडले जातात, आणि बसलेल्या पक्ष्याच्या मागे दोन गुलाबी काटकोन तेवढे बाहेर उरतात.

हा सांधा पाहून बहुतेकांना शेकाट्याचा गुडघा उलटा वाटतो. गुडघा इथे दिसतच नाही. तो वर, पोटाच्या पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. जो दिसतो तो घोटा. त्याच्याखालची लांबलचक गुलाबी काडी म्हणजे पावलाचीच हाडं. सगळेच पक्षी असे बोटांवर चालतात. शेकाट्याने पाऊल आणि नडगी दोन्ही इतकी ताणलीत की ते नीट दिसतं, एवढंच.

या पायांनी एका माणसाला फार बेचैन केलं होतं. इंग्लंडातल्या सेलबर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट. ७ मे १७७९ची तारीख घातलेल्या त्याच्या पत्रात हा पक्षी येतो. पुढे १७८९च्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात ते पत्र छापलं गेलं. फ्रेन्शॅमच्या तळ्यावर सहा शेकाटे उतरले होते. तळ्याच्या राखणदाराने पाच मारले आणि कुतूहल फिटल्यावर सहावा सोडून दिला. त्यातला एक व्हाइटच्या हाती आला, आतडी काढून मिरपूड भरलेला. त्याने तो तोलला: सव्वाचार औंस. पाय मोजले: नडगीचा उघडा भाग साडेतीन इंच, खालचा साडेचार, मिळून आठ इंच. मग शेजारी रोहित पक्षी मांडला: वजन चार पौंड, पाय वीस इंच. रोहिताचं वजन शेकाट्याच्या पंधरापट, म्हणजे शेकाट्याच्या प्रमाणात रोहिताला पाय हवेत एकशेवीस इंच, दहा फूट! असलं काही जगाने पाहिलेलं नाही. तेव्हा वजनाच्या मानाने सर्वांत लांब पाय शेकाट्याचेच, असा निवाडा त्याने दिला.

मी दुर्बीण थोडी डावीकडे वळवतो. पाण्याच्या कडेला चार-पाच शेकाटे चरतायत आणि त्यांच्या मागे, जरा खोल पाण्यात, रोहितांचा थवा उभा आहे. हिवाळ्यात आलेले, अजून न गेलेले. एकाच चौकटीत दोघेही आलेत, आणि व्हाइटचं गणित इथेच तपासता येतं.

लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही. उंची, रुंदी, जाडी तिन्ही दुप्पट होतात, म्हणून वजन आठपट होतं. वजन पंधरापट व्हायचं असेल तर लांबी जेमतेम अडीचपट व्हावी लागते. शेकाट्याचे आठ इंच गुणिले अडीच: वीस. रोहिताचे पाय व्हाइटने दिलेत तेही वीसच. डार्सी टॉम्सन या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या आकारांवरच्या आपल्या ग्रंथात हे दाखवून दिलं. व्हाइटची मापं चोख होती, त्रैराशिक तेवढं चुकलं. समोर उभे असलेले हे दोन पक्षी, एक गुडघाभर उंचीचा आणि दुसरा पुरुषभर उंचीकडे जाणारा, पायांच्या बाबतीत एकाच प्रमाणात घडलेत. एकमेकांच्या नात्यातले नसूनही! शेकाट्या टिटवी-तुतवारांच्या मोठ्या गोतावळ्यातला, रोहिताचं कूळच वेगळं. उथळ पाण्यात पोट न भिजवता चालायचं तर पाय किती लांब असावेत, याचं उत्तर दोघांना वेगवेगळ्या वाटांनी सारखंच सापडलंय.

मला मात्र व्हाइटचा दुसरा प्रश्न जास्त आवडतो. या पक्ष्याला मागचं बोट नसतं, पुढची तीनच. मागे टेकू नाही, पाय एवढे लांब, मांडीचे स्नायू एवढेसे. मग हा सारखा झोके खात नसेल का? तोल कसा सांभाळत असेल? हा जिवंत चालताना पाहायला मिळाला तर किती बरं, असं त्याला वाटत होतं. मिरपूड भरलेल्या पक्ष्याकडून त्याचं उत्तर मिळणार नव्हतं.

उत्तर इथे माझ्यासमोर चालतंय. घरट्यावरून सुटलेली मादी पाण्यात शिरते. पाऊल उचलताना तिन्ही बोटं मिटून एक काडी होते. ती पाण्यातून सरळ वर येते, थेंबही उडत नाही. घोटा मुडपतो, पाय पुढे जातो, बोटं पाण्याखाली पुन्हा पसरतात. झोका कुठेच नाही. अंग जवळजवळ आडवं, सगळा भार पुढे, आणि तो भार पडतो पसरलेल्या तीन बोटांच्या बरोबर वर. मागच्या बोटाची गरज फांदी धरणाऱ्याला. ज्यांना आयुष्यात फांदीवर बसायचंच नाही, त्यांचं ते बोट आखडतं किंवा जातं. माळढोकालाही ते नसतं. वारा सुटला की मादी वाऱ्याला तोंड करून उभी राहते, आणि पाय जागचे हलत नाहीत.

पंचाईत होते ती कोरड्यात. पाण्याबाहेर एक किडा पळतोय आणि तिला तो हवाय. चोच जमिनीला पोचत नाही. ती घोटे मुडपते, पुढे झुकते, शेपटी पार वर जाते, तेव्हा कुठे चोच टेकते. किडा तोवर निसटतो. ती लगेच पाण्यात परत जाते. ते बरोबरच आहे. पाण्यात तिला फारशी स्पर्धा नाही. बोटभर पाण्यातले चिखले काठाशीच अडतात आणि ती त्यांच्या पुढे, वीतभर पाण्यात, एकटी.

ती काय खातेय ते या अंतरावरूनही कळतं. चोच पाण्यात शिरते, वर येते, टोकाला एक लालसर धागा वळवळतो आणि जातो. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या एका माशीची ही अळी. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हिच्यातही असतं, म्हणून ती लाल आणि म्हणूनच प्राणवायू संपत आलेल्या गाळातही जगणारी. मैलापाणी जितकं जास्त, तितका तिचा सुकाळ.

आणि इथे येणारं पाणी कुठून येतं, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं आणि भीमा ते इथे आणून ओतते. पुण्यातल्या पुलांवरून खाली पाहिलं तर काळ्या पाण्यात शेकाट्यांचे थवे दिसतात. फोटो छान येतात. नदीत पक्षी वाढले म्हणून आनंद करणारी माणसं मला भेटतात, तेव्हा माझा जीव तुटतो. स्वच्छ, खळाळत्या पाण्यातले पक्षी तिथून उठून गेलेत. मागे राहिलाय तो गाळातल्या लाल अळीवर पोट भरू शकणारा. शेकाट्याचा यात काही दोष नाही. तो जिथे अन्न आहे तिथे जातो. व्हाइटच्या देशात या पक्ष्याने १९४५ साली अंडी घातली, तीही नॉटिंगहॅमजवळच्या मैला-शेतात. पण एखाद्या नदीत नुसते शेकाटेच शेकाटे दिसू लागले, तर ती आनंदाची बातमी नाही.

साडेअकरा. मामा जाळं खाली ठेवतात. "आता बगा. आता हितनं म्होरं त्येंचं खरं काम."

खरंच, चित्र बदललंय. हवा चाळिशीपार गेली असावी. गाळाला हात लावला तर हात मागे येतो. शेकाट्याच्या घरट्यावर सावलीचं पानही नसतं. अंड्यातला जीव बेचाळीसच्या पुढे फार वेळ तग धरत नाही, आणि उघडं अंडं अशा उन्हात काही मिनिटांत तिथवर पोचतं. इतर पक्षी अंडी उबवतात असं आपण म्हणतो. मेमधल्या शेकाट्याचं दुपारचं काम नेमकं उलट आहे: अंडी थंड ठेवणं.

नर बसलेला नाही. उन्हाकडे पाठ करून तो अंड्यांवर उभा आहे, पाय अर्धे मुडपलेले, पाठीची पिसं फुलवलेली, चोच उघडी. गळ्याची कातडी भराभर थरथरतेय. चारही अंडी त्याच्या सावलीत आहेत. सूर्य सरकतो तसा तोही पायातल्या पायात थोडा थोडा फिरतो.

मादी पाण्याकडून येतेय. निघण्याआधी ती पोटभर पाण्यात थांबलीय, घोटे मुडपून खाली बसलीय, पुन्हा उठलीय, पुन्हा बसलीय. पिसं झाडत नाही. आंघोळ करून आलेला पक्षी अंग झटकतो. ही झटकत नाही. पोटाची पिसं काळसर ओली, त्यांच्या टोकांना पाणी लोंबतंय, आणि ती ते सांभाळत, न धावता, न उडता, चालत घरट्याकडे येते. वाटेवर थेंबांची ओळ पडते आणि ती येऊन पोचेपर्यंत मागचे थेंब सुकलेलेही असतात. नर बाजूला होतो. ती अंड्यांवर उभी राहते, मग बसते. ओली पिसं अंड्यांना टेकतात. पाणी उडून जाताना अंड्यांची उष्णता घेऊन जातं. आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो त्यामागचं तत्त्व तेच.

नर तोवर पाण्यावर पोचलाय. तोही बसतो, उठतो, बसतो.

मी घड्याळ लावून पाहतो. सकाळी एकेक जण अर्धा-अर्धा तास बसत होता. आता बदली दहा मिनिटांच्या आत होतेय, कधी पाचच मिनिटांत. घरट्याभोवतीचा चिखल इतर गाळापेक्षा गडद दिसू लागलाय. कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी या खाऱ्या सरोवरावर शेकाट्याच्या अमेरिकी भाऊबंदांचं हेच वागणं अभ्यासकांनी बारकाईने नोंदलंय. १९८२ साली त्यावर प्रबंध छापला गेला. आपल्याकडे टिटवीही हेच करते. कुठल्याही माळावरच्या तळ्याकाठी मेमध्ये दुपारभर बसायची तयारी असेल तर दिसतं.

पाणी जितकं मागे जाईल तितकी ही फेरी लांबते. अंडी घातली तेव्हा पाणी पायाशी होतं. आता जाऊन-येऊन साठ-सत्तर पावलं. यांच्या पायांना ते अंतर काही नाही, पण ओल्या पिसांना आहे.

बाराच्या सुमाराला म्हशी येतात. वरच्या ऊसपट्ट्यातून उतरलेलं दहा-बारा जनावरांचं खांड, मागे एक पोरगा आणि पोराच्या पायाशी एक कुत्रं. पाण्याची सरळ वाट घरट्यावरूनच जाते. सर्वांत आधी ओरडते ती टिटवी. मग आमची मादी उठते, नर पाण्यावरून उडतो, आणि आसपासच्या उंचवट्यांवरून आणखी तीन-चार जोड्या उठतात. इतका वेळ मला त्यांची घरटी दिसलीही नव्हती. किक्-किक्-किक् असा तीक्ष्ण, एकसुरी आवाज सगळ्या बाजूंनी येऊ लागतो. पक्षी म्हशींच्या तोंडावर सूर मारतात, पाय मागे लोंबत असतात, शिंगांजवळून वर उठतात. म्हशींना त्याचं काही नाही. त्या मान खाली घालून पाण्याच्या वासावर चालतायत. कुत्र्याचं मात्र लक्ष जातं. त्याच्यापुढे एक शेकाट्या चिखलात कोसळतो. एक पंख पसरलेला, दुसरा वेडावाकडा, पाय मुडपून अंग ओढत तो बाजूला सरपटतो. कुत्रं धावतं. शेकाट्या आणखी सरपटतो, पाण्याच्या कडेकडेने, घरट्यांपासून दूर. कुत्रं झेप घेतं तेव्हा तो नीट उठून उडतो आणि वीस पावलांवर पुन्हा कोसळतो.

म्हशींचं काय? पहिली म्हैस उंचवट्यापासून पाच-सहा पावलांवर आलीय. मामा ताडपत्रीखालून बाहेर पडतात आणि हात उंचावून ओरडतात.

"ए पोरा! म्हशी वरनं घे! वरच्या अंगानं! हिकडं अंडी हायती!"

पोरगा दचकतो, काठी घेऊन पळत पुढे येतो. म्हैस वळते. तिच्या मागच्या पायाचा खूर घरट्यापासून हातभर अंतरावर रुतून वर येतो, एवढं मला दुर्बिणीतून दिसतं. मग सगळं खांड बांधाच्या बाजूने पाण्यात उतरतं.

मी अंड्यांवर नजर ठेवून बसलोय. चारही तिथेच आहेत, उघड्या उन्हात. आता आम्ही जितकं हलू तितका वेळ पक्षी परतणार नाहीत. मामा जागच्या जागी खाली बसतात, उन्हातच, पाठ वळवून. मादी उतरते, पण घरट्यावर नाही. दुसऱ्याच एका जागी येऊन ती पिसं फुगवते आणि अंडी असल्यासारखी बसते. उठते. आणखी एका जागी बसते. कोणी पाहत असेल तर त्याची फसगत व्हावी म्हणून हे नाटक. मला ते ठाऊक आहे आणि तरी एकेक मिनिट जड जातंय. शेवटी नर सरळ पाण्यावर जातो, पोट भिजवतो आणि उडत, चालत नव्हे, घरट्यावर येतो. ओलं पोट अंड्यांवर टेकतं.

घरट्याशी जाऊन फोटो काढणाऱ्यांना मी हीच वेळ दाखवू इच्छितो. पक्षी आपल्याभोवती ओरडत फिरतोय, जवळ येतोय, धीट वाटतोय, म्हणून माणूस आणखी दहा मिनिटं थांबतो. दुपारी बारा वाजताची ती दहा मिनिटं अंड्यांना पुरेशी असतात. कोणी अंड्यांना हातही लावलेला नसतो.

तीननंतर वारा सुटतो. पश्चिमेला ढग चढतायत, वळवाचे. घरट्यातल्या हालचाली आता वेगळ्या आहेत. बसलेली मादी सारखी उठून खाली पाहते, चोच अंड्यांजवळ नेते. चारच्या सुमाराला ती उठते आणि तिच्या चोचीत कवचाचा अर्धा तुकडा असतो. आतली बाजू पांढरी; तोच पांढरा रंग वरून जाणाऱ्या घारीला किंवा कावळ्याला जागा सांगतो. तुकडा घेऊन ती उडते, पाण्यावर लांब जाते आणि टाकून परत येते.

तोवर घरट्यावर येऊन बसलेल्या नराच्या पोटाखालून काहीतरी बाहेर डोकावतंय. वाळूच्या रंगाची लव, पाठीवर काळ्या रेघा, अजून ओलसर. पिल्लू. ते बाहेर येऊ पाहतं, नर पिसं खाली सोडून त्याला आत घेतो. पुन्हा बाहेर येतं. यावेळी उभं राहतं. पाय आत्तापासूनच अंगाला न शोभण्याइतके लांब आहेत, राखाडी, घोट्याशी जाड. आणि इथे, या वयात, व्हाइट म्हणतो तो झोका आहे. पिल्लू पुढे कलतं, मागे कलतं, बसकण मारतं, पुन्हा उठतं. तिसऱ्यांदा ते दोन पावलं टाकतं आणि नराच्या पायावर आपटतं.

मामा दुर्बिणीला डोळा लावतात आणि बराच वेळ काढत नाहीत.

"बाकीची तीन?"

"आज रात्रीत, फार तर उद्या दुपारपर्यंत. चौथं अंडं पडेपर्यंत हे नीट बसत नाहीत, म्हणून सगळी थोड्या अंतराने फुटतात," मी सांगतो. "आणि वाळली की घरट्यात राहत नाहीत. एका दिवसात पाण्यावर. खायला आईबाप भरवत नाहीत, आपलं आपण टिपतात. उडायला मात्र महिना लागतो."

"म्हंजी जूनच्या शेवटापत्तूर." मामा पाण्याकडे पाहतात. जून-जुलैत वर पुण्याकडे पाऊस लागला, तिकडची धरणं भरून सुटू लागली, की हा सगळा गाळ पुन्हा पाण्याखाली जाणार. गाळपेरीवाले काठावर त्याचीच बोलणी करत असतात. तोवर या पिल्लांच्या पंखांत बळ आलं पाहिजे.

लांबून दोन होड्यांच्या इंजिनांचा आवाज येतोय. रोहित पाहून परतणारे पर्यटक आहेत. होड्या आमच्याच रोखाने, म्हणजे घरट्याच्याच रोखाने येतायत. मामा खिशातून मोबाइल काढतात.

"हां, मी बोलतोय. हिकडं नको आणू. न्हाई, चिखुल न्हाई, पिल्लं निघाल्याती शेकाट्याची. पलीकडच्या धक्क्याला लाव. मागल्याला बी सांग. आन् ऐक, परवापत्तूर कुणीच हिकडं होडी लावायची न्हाई. माझी बी नेतो मी अंधार पडल्यावर."

पुढची होडी वेग कमी करते, गर्रकन वळते आणि तिच्या मागची दुसरीही.